एकटीची पाच पत्रं

धरणात पाणी असो वा नसो, गेटवाला लागतोच, असा वरच्या ऑफिसचा नियम होता. त्या एका नियमापायी सगळं गाव उठून गेलं तरी एक घर मागे राहिलं. कालव्याला दोन वर्षं पाणी सुटलं नव्हतं. आधी रोजंदारीवाले गेले, मग शेतंवाले गेले, शेवटी दुकानदाराने दाराला आडव्या फळ्या ठोकल्या आणि तोही गेला. जाताना जो तो गेटवाल्याला म्हणायचा, "तुमचं बरं आहे बुवा, बसल्या जागी पगार." गेटवाला नुसती मान हलवायचा. बसणं किती आणि चढणं-उतरणं किती, हे त्याच्या गुडघ्यांना विचारायला हवं होतं.

रोज सकाळी सहाला तो भिंतीच्या आतल्या अंगाने एकशे नव्वद पायऱ्या उतरून तळाशी जायचा. तिथे पाण्याची उंची मोजायचा दगडी खांब होता, खालपासून वरपर्यंत पांढऱ्या रंगात आकडे घातलेला. खांबाच्या बुडाशी भेगाळलेला गाळ होता, वाळून विटेसारखा झालेला. गेटवाला वाकून शून्याच्या आकड्यावर बोट ठेवायचा, मग गुडघ्यांवर हात देत वर चढायचा, केबिनमध्ये जाऊन वहीत ‘शून्य’ लिहायचा आणि ऑफिसला फोन लावायचा.

"शून्यच ना?" पलीकडचा पोरगेला कारकून जांभई देत म्हणायचा. "मग रोज फोन कशाला करता? पाणी आलं की करा."

"रोज कळवायचा नियम आहे, साहेब."

"बरं, कळलं." की फोन बंद.

बायको चहा ओतता ओतता म्हणायची, "अहो, न उतरता लिहिलं तरी शून्यच आहे. एका रात्रीत काय तळातून पाणी उगवणार आहे?"

"बघितल्याशिवाय लिहायचं नाही."

"मग बसा गुडघे शेकत. तुम्ही आणि तुमचा खांब."

त्यांना एक मुलगी होती, अकरा वर्षांची. शाळेत सगळे तिला टिटवी म्हणत, कारण ही पोर सकाळी तोंड उघडायची ते रात्री झोपेनेच मिटायचं. आता टिवटिव ऐकायला कुणी उरलं नव्हतं. आई कामात, बाबा मुळातच घुमे. पण नाव चिकटलं ते चिकटलं, घरातसुद्धा.

शाळा म्हणजे एक खोली. वर्षाच्या सुरुवातीला तीत पाच मुलं होती: टिटवी, सुताराची मुलगी, दोघी जुळ्या आणि भोपळ्या. गुरुजी मोठ्या रस्त्यावरच्या गावाहून मोटरसायकलवर येत. माणूस हौशी. कुठल्याशा योजनेत नाव घालून त्यांनी दुसऱ्या देशातल्या एका शाळेशी या शाळेची गाठ बांधून दिली होती. तीही डोंगरातली, एका खोलीची, पाचच मुलांची. इकडच्या एकेकाला तिकडचा एकेक जोडीदार. इकडच्यांनी आपल्या भाषेत लिहायचं, तिकडच्यांनी त्यांच्या, आणि मधे यंत्र बसून इकडचं तिकडे करायचं. दर गुरुवारी पत्र. फोटो पाठवायचे नाहीत, असा योजनेचा नियम होता. वर्षाच्या शेवटी एकदाच पडद्यावर समोरासमोर भेट.

गावात रेंज नव्हती. ती होती धरणाच्या भिंतीवर, गेटच्या केबिनपाशी, आणि केबिनच्या छतावर सूर्यावर चालणारी वीज होती. म्हणून दर गुरुवारी गुरुजी कॉम्प्युटर काखेत मारायचे आणि वरात भिंतीवर चढायची. पाच मुलं एका टेबलाभोवती कोंबलेली, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. गेटवाल्याला धरणाची दारं उचलायच्या दांड्याला ग्रीस लावायलाही जागा उरत नसे. तो कुरकुरायचा, पण गुरुवारी केबिन झाडून ठेवायचा.

मग एकेक जण जायला लागला. आधी जुळ्या गेल्या, मग भोपळ्या. शेवटी सुताराने रंधा, करवती, तासण्या पोत्यात बांधल्या. टेम्पोच्या मागच्या फळीवर बसलेली त्याची मुलगी टिटवीला म्हणाली, "पोचले की लगेच कळवते." त्याला आता चार महिने झाले होते. पोचली तर असेलच.

त्यानंतरच्या गुरुवारी पाच पत्रं आली आणि ती वाचायला टिटवी एकटी. गुरुजींनी डोकं खाजवलं.

"पाच जोड्या नाहीत म्हटलं तर ते लोक दुसरी शाळा बघतील गं. या खेपेला तूच लिही सगळ्यांच्या वतीने. पुढच्या खेपेला खरं काय ते सांगू."

पुढची खेप काही येईना. गुरुजींना वाईट वाटायचं आणि टिटवीला लिहायला आवडायचं, दोघांचंही भागत होतं.

लिहायला बसली की केबिन पुन्हा भरायची. भोपळ्याचं पत्र खाण्याने सुरू व्हायचं आणि खाण्यावर संपायचं. जुळ्यांची पत्रं अशी की एकीने वाक्य अर्धं टाकावं आणि दुसरीने उचलावं. सुताराची मुलगी सावकाश, विचार करून, लिहिण्यापेक्षा विचारायची जास्त. तिच्यासारखं लिहिण्यासाठी टिटवीला मधे थांबावं लागायचं, आणि थांबलं की सुचायचं. मी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय बघते, तू काय बघतेस? तुमच्याकडे बर्फ पडतो तेव्हा आवाज होतो का? स्वतःचं पत्र ती सगळ्यांत शेवटी लिहायची. तोवर बोटं दुखायची, डोळे चुरचुरायचे, गुरुजी घड्याळ बघायचे. चार ओळी खरडायच्या की झालं.

पेरावं तसं उगवतं. टिटवीचा जोडीदार एक मुलगा होता. त्याची पत्रं दोन ओळींची. "काल आम्ही जिंकलो. तू कशी आहेस?" पुढच्या गुरुवारी: "काल आम्ही हरलो. तू कशी आहेस?" तिने त्याचं नाव ठेवलं चेंडूवाला. आणि सुताराच्या मुलीच्या जोडीदारणीची पत्रं पान पान भरून यायची. तिला चष्मा होता, तिनेच लिहिलं होतं, आणि त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. तिची आई कामासाठी शहरात राहायची आणि दोन दोन महिन्यांनी घरी यायची. चष्मेवालीने एकदा लिहिलं, "आई गेली की मी तिचा जुना कोट पांघरुणात घेऊन झोपते. त्याला तिचा वास आहे. आजीला माहीत नाही. तू कुणाला सांगू नकोस."

टिटवीने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता तिने हे चार महिने पोटात ठेवलं.

पण जळफळाटही व्हायचा. गाव सोडून गेली तिला मैत्रीण मिळाली आणि गावात राहिली तिच्या वाट्याला चेंडू! एका गुरुवारी तिने सुताराच्या मुलीच्या पत्रात घालून दिलं: "इथे माझी एक मैत्रीण आहे, टिटवी. फार बडबडते पण मनाने चांगली आहे." आठ दिवसांनी उत्तर आलं: "तुला जवळच मैत्रीण आहे. तुझं नशीब." ते टिटवीने तीनदा वाचलं आणि मग काही कारण नसताना आईशी भांडली.

वर्ष संपत आलं. गुरुजी म्हणाले, "येत्या गुरुवारी समोरासमोर. चार वाजता. त्यांची तेव्हा सकाळ असते. आता लपवून चालायचं नाही, टिटवे. सगळे गेले आणि पत्रं मी लिहिली, एवढं सरळ सांगून टाक. मुलं आहेत, समजून घेतील."

"हो," टिटवी म्हणाली.

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

समजून घेतील की नाही, हे तिला गुरुजींपेक्षा जास्त कळत होतं. कोटाची गोष्ट चष्मेवालीने सुताराच्या मुलीला सांगितली होती, टिटवीला नव्हे. ते आठ दिवस ती पायऱ्यांवर बसून बोलायची तालीम करत राहिली. पहिलं वाक्य जमायचं, दुसऱ्याला ती अडायची. चष्मेवालीने तोंड फिरवलं तर गुरुवारी भिंतीवर चढायचं कशासाठी?

गुरुवार हा दारं हलवायचाही दिवस होता. पाणी असो नसो, आठवड्यातून एकदा प्रत्येक दार वीतभर उचलून खाली बसवायचं, नाहीतर गंज धरून ते कायमचं बसतं. पूर्वी हाताखाली एक मदतनीस होता, तो गावाबरोबर गेला. आता केबिनमधला लोखंडी दांडा एका बाजूने गेटवाला आणि दुसऱ्या बाजूने त्याची बायको फिरवायची. तिचे तळहात सोलून निघाले होते. फिरवताना दार असं किंचाळायचं की भिंतीवरचे पक्षी उडायचे. उचललेलं दार अडवून धरायची खिट्टी झिजली होती. नवीन मागवून सात महिने झाले होते. तोवर एकदा दांडा धरला की दार खाली बसेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर तो उलटा फिरून हाडं मोडणार.

साडेतीनला दोघांनी शेवटचं दार घेतलं. चारच्या आत ते खाली बसलं असतं. पण दार अर्धं वर असतानाच टेबलावरचा कॉम्प्युटर वाजायला लागला.

"आले! लवकर आले!" गुरुजी ओरडले आणि रेंज देणारा आपला फोन उंच धरून भिंतीच्या कठड्यावर चढले. तिथेच ती नीट धरायची. "बोल टिटवे, मी इथून हलत नाही!" वारा एवढा होता की आतलं एक अक्षर त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

गेटवाल्याने बायकोकडे पाहिलं. दार खाली घ्यायचं तर किंचाळणार आणि पोरीचं बोलणं बुडणार. "धरू या," तो हळूच म्हणाला. तिने मान हलवली. दोघं पाय रोवून, दांड्यावर छाती टेकून उभे राहिले.

पडदा उजळला. एका बाकावर पाच मुलं, जाड लोकरीच्या कपड्यांत. मागे खिडकी, खिडकीबाहेर सगळं पांढरं. मधोमध चष्मेवाली. काडी खरंच दोऱ्याने बांधलेली. तिच्या अंगात बायकी कोट होता, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. टोकाला एक मुलगा मांडीवर चेंडू घेऊन बसला होता. त्यांच्या बाई मागे उभ्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या आणि क्षणभराने यंत्र आपल्या सपाट आवाजात बोललं, "नमस्कार. बाकीचे मित्र कुठे आहेत?"

"गेले," टिटवी म्हणाली. "आईबापांबरोबर, कामाला. इथे पाणी नाही."

यंत्राने तिकडे सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चष्मेवाली पुढे वाकली, तिचा चेहरा पडदाभर झाला. ती घाईघाईने काहीतरी बोलली.

"मग तू कोण आहेस?" यंत्राने विचारलं.

तालमीतलं वाक्य टिटवीच्या जिभेवर आलं होतं. पण समोर तो कोट होता. आज खास घालून आली होती ती, आजीला कळलं तर कळलं म्हणून. आणि तिचा चेहरा असा झाला होता की आता उत्तर चुकीचं आलं तर तो मिटणार.

"मी सुताराची मुलगी," टिटवी म्हणाली.

मागे दार बोटभर घसरलं, कर्रकन आवाज झाला. गेटवाल्याने दातओठ खाऊन दांडा पुन्हा आवरला. बायकोच्या कपाळाचा घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

चष्मेवाली हसली. कोटाची बाही उचलून तिने पडद्याला लावली, जणू इकडून कुणी ती हुंगणार होतं. टिटवीने खरंच नाक पुढे नेलं. दोघी खुदखुदल्या. यंत्राला त्याचं काय करावं ते कळलं नाही, ते गप्प बसलं. इतकं बरं टिटवीला चार महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आणि टिटवी?" चष्मेवालीने विचारलं. "ती बोलकी? तीही गेली?"

"हो. गेली."

"कधी?"

"सगळ्यांत आधी."

"अरेरे," यंत्र म्हणालं. मग दोघी बर्फाबद्दल बोलल्या, चष्म्याबद्दल, आईच्या पुढच्या खेपेबद्दल. टोकाचा मुलगा मांडीवरचा चेंडू बोटांनी फिरवत होता. त्याने काही विचारलं नाही. टिटवीबद्दल पुढे कुणीच काही विचारलं नाही. वेळ संपली, सगळ्यांनी हात हलवले, पडदा काळा झाला.

तेव्हा कुठे गेटवाल्याने दार खाली घेतलं. बायको भिंतीला पाठ लावून खाली बसली, तिचे दंड थरथरत होते. कठड्यावरून उतरून गुरुजी आत आले.

"सांगितलंस?"

"हो," टिटवी म्हणाली.

गुरुजींनी तिच्या आईबाबांकडे पाहिलं. आई पदराने तोंड पुसत होती. गेटवाला दांड्याला ग्रीस लावत होता, आधीच लावलेल्या जागी पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर खाली." आजवर कधी नेलं नव्हतं. टिटवी मुकाट निघाली. साठ-सत्तर पायऱ्या झाल्या. मग तो पुढे बघतच म्हणाला, "टिटवी सगळ्यांत आधी गेली म्हणे."

ती पुढची पायरी उतरली.

"मग आता मी हा कुणाबरोबर चाललोय?"

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तिला टिटवी नकोच होती. कुणालाच नकोय."

गेटवाला थांबला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, ग्रीसचा, आणि लगेच काढून घेतला. "केस खराब होतील," तो म्हणाला. मग दोघं खाली गेले. खांब बघितला आणि वर आले. वर येताना ती दोनदा बसली आणि तो दोन्ही वेळा उभा राहिला.

आठवडा लांबला. टिटवी घरात नीट जेवत होती, हाक मारली की येत होती, पण बोलत नव्हती. आई म्हणाली, "अगं, बडबड की जरा. कान किटायची सवय मोडली माझी." टिटवी हसली, तेवढ्यापुरती.

गुरुवारी गुरुजी आले. वर्ष संपलं तरी पत्रं महिनाभर चालू ठेवायला तिकडच्या बाई तयार होत्या. या खेपेला दोनच पत्रं आली होती. पहिलं सुताराच्या मुलीला, चष्मेवालीचं, नेहमीसारखं पान भरून. "आता तू कशी दिसतेस ते मला माहीत आहे. आता मी डोळे मिटूनही तुझ्याशी बोलू शकते."

दुसरं टिटवीला होतं. वर एक ओळ होती: जी मुलगी धरणावर राहिली आहे तिने हे पत्र टिटवी जिथे गेली तिथे पोचवावं.

टिटवीने खुर्ची पुढे ओढली. पत्र दोन ओळींचं नव्हतं.

"तू जाणार हे मला कुणी सांगितलं नाही. आणि सगळ्यांत आधी गेलीस तर मला पत्रं कुठून लिहीत होतीस? तिकडूनच लिहीत असशील. मला लिहिता येत नाही नीट, बाई माझ्या चुका सगळ्यांना दाखवतात, म्हणून मी थोडंच लिहायचो. तुझं पत्रही छोटं असायचं. मला वाटायचं, बरं झालं, ही माझ्यासारखीच आहे. तू एकदा लिहिलं होतंस की भिंतीवरून ओरडलं की आवाज परत येतो. आमच्या डोंगरापाशी जाऊन मी तुझं नाव ओरडलो. परत आलं. मग मी रोज शाळेतून येताना ओरडतो. तू आता जिथे आहेस तिथे तुझ्याशी बोलायला कुणी आहे का?"

तिने ते पुन्हा वाचलं. भिंतीच्या आवाजाबद्दल आपण कधी लिहिलं ते तिला आठवतही नव्हतं. दुखऱ्या बोटांनी, गुरुजी घड्याळ बघत असताना, कधीतरी खरडलं असणार.

"काय गं?" गुरुजींनी विचारलं. ते तिच्या मागून पडद्याकडे बघत होते आणि हळूहळू त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. "टिटवी जिथे गेली तिथे? टिटवे, तू काय सांगितलंस त्यांना?"

दाराशी गेटवाला ग्रीसचा डबा घेऊन उभा होता. आईने दांड्यावरचा हात काढला.

ती पाचही मुलं एकाच बाकावर बसत होती. एकाला कळलेलं दुसऱ्याला कळायला हात लांब करायची गरज नव्हती. चेंडूवाल्याला खरं लिहिलं की ते चष्मेवालीच्या कानावर जाणार, आणि मग ती पान भरून पत्रं, तो कोट, डोळे मिटून बोलणं, सगळं संपणार. टिटवीने तिचं पत्र आणखी एकदा उघडलं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि बंद केलं.

"गुरुजी, फोन घेऊन कठड्यावर जा," ती म्हणाली. "रेंज नाही."

गुरुजी गेले. टिटवीने सगळ्यांत आधी आपलं पत्र लिहायला घेतलं. बोटं दुखत नव्हती तरी ती सावकाश लिहीत होती.

"मी टिटवी. मी कुठेही गेले नाही, पडद्यावर होते ती मीच. सुताराची मुलगी गेली, चौघंही गेले, पाचही पत्रं मीच लिहायचे. तुझ्या बाकावर चष्मा लावून बसते तिला हे वाचून दाखव आणि सांग की कोटाचं मी कुणाला सांगितलं नाही. ती रागावेल. तू विचारलंस म्हणून लिहिते. नाही. इथे बोलायला कुणीच नाही."

तिने कळ दाबली.